रोहिणीचे पाणी आणि कोसंबींचा युद्धविरोध

खंडाळा म्हटले की पुण्या-मुंबईच्या लोकांना लोणावळ्याशेजारचा घाट आठवतो. आमचा खंडाळा तो नव्हे. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, नीरा नदीच्या दक्षिणेचा, क्रांतिज्योती सावित्रीमाईंच्या नायगावचा. या तालुक्यात पहाटे बाहेर पडा, रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे दिसतील. ही पोरे लष्कर भरतीची तयारी करतात. त्यांत बौद्ध वस्तीतली आहेत, मातंगांची आहेत, धनगरांची आहेत, दोन-चार बिघ्यांच्या मराठ्यांचीही आहेत. कारखानदाराचा किंवा पुढाऱ्याचा मुलगा त्यांत धावताना आम्हास अद्याप आढळला नाही. जून 2022 मध्ये सरकारने अग्निपथ योजना आणली. नोकरी चार वर्षांची झाली आणि चारांपैकी फार तर एकाला पुढे कायम करण्याचे ठरले. तरी पोरांचे धावणे थांबले नाही. ज्याला शेत नाही आणि वशिला नाही, त्याच्या हाती धावणेच उरते.

मे 2025 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस लढाई झाली. 10 मे रोजी ती थांबली आणि 12 मे रोजी बुद्ध पौर्णिमा होती. पहलगामला निरपराध माणसे मारणाऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु त्या चार दिवसांत दूरचित्रवाणीवर जे चालले होते, ते शिक्षा मागणे नव्हते. तो युद्धाचा उत्सव होता. आमच्याही काही तरुणांनी बुद्धाच्या चित्राशेजारी क्षेपणास्त्राचे चित्र लावून एकमेकांना शुभेच्छा धाडल्या. ते पाहून आम्हास एका माणसाची तीव्रतेने आठवण झाली. त्या माणसाचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

चळवळीतल्या वाचकांना कोसंबी ठाऊक आहेत ते इतिहासकार म्हणून. गणिती, नाण्यांचे वजन करून काळ ठरवणारे संशोधक, 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची नवी वाट दाखवणारे पंडित. परंतु ते क्रांतिकारी समाजवादी होते आणि युद्धविरोधी कार्यकर्तेही होते, हे फारसे सांगितले जात नाही. जागतिक शांतता परिषदेचे ते सदस्य होते. 1950 च्या दशकात अमेरिका आणि रशिया अणुबॉम्बची चळत रचीत असताना जगभर जी शांतता चळवळ उभी राहिली, तिचे भारतातील ते एक प्रमुख आधार होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की युद्ध हा दोन देशांच्या जनतेचा तंटा नसतो. बाजार आणि नफा हातचा जाऊ नये म्हणून मूठभरांनी चालवलेला तो व्यवहार असतो, आणि त्याची किंमत दोन्हीकडचे कष्टकरी मोजतात. म्हणून शांतता म्हणजे भाबडी प्रार्थना नव्हे. शोषणाचा पाया हलवल्याशिवाय शांतता टिकत नाही.

हा विचार कोसंबींचा एकट्याचा नव्हता. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात जॉन मॅक्लीन नावाचा एक शाळामास्तर कामगारांना हेच सांगत होता. 1915 साली त्याची नोकरी गेली. मे 1918 मध्ये एडिंबराच्या न्यायालयात तो स्वतःच स्वतःचा वकील झाला आणि तासाहून अधिक वेळ बोलला. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्याने भांडवलशाहीवरच आरोप ठेवला. शिक्षा झाली पाच वर्षांची. तुरुंगात त्याला बळजबरीने अन्न भरवले गेले. युद्ध संपल्यावर तो सुटला, पण शरीर खचले होते. 1923 साली वयाच्या 44 व्या वर्षी तो गेला. न्यायालयात पाय घासण्याचा आमचा धंदा आहे. आरोपीच्या पिंजऱ्यातून फिर्याद दाखल करणारा माणूस किती दुर्मीळ, हे आम्ही जाणतो.

कोसंबींना तुरुंग घडला नाही. त्यांचा पिंजरा वेगळा होता. 1945 पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. राहणे पुण्याला आणि काम मुंबईला. दख्खनच्या राणीने त्यांची ये-जा चाले, म्हणजे तो दुसरा खंडाळा त्यांच्या नित्याच्या वाटेवर होता. त्या संस्थेचे प्रमुख डॉ. होमी भाभा हेच देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार. अशा जागी बसून कोसंबी उघड सांगत, की या देशावर सूर्य वर्षभर फुकट तळपतो, गरीब देशाने महागड्या आणि विषारी अणूच्या मागे लागण्यापेक्षा सूर्याची ऊर्जा वापरण्याचे संशोधन करावे. 1960 साली पुण्यातील व्याख्यानात त्यांनी हे मुद्देसूद मांडले. 1962 साली संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. त्यामागे गणितातील वादही होता, हे नमूद केले पाहिजे. पुराव्याबाहेर बोलण्याची आम्हास सवय नाही. परंतु आपल्या साहेबाच्या सर्वांत लाडक्या प्रकल्पाला तोंडावर नाही म्हणणारा नोकर पुढे कोठे जातो, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. 29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते 58 वर्षांचे होते. आज गावोगावच्या छपरांवर सौरपट्ट्या चमकतात. त्याखाली कोसंबींचे नाव कोणी लिहीत नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, 18 मे 1974 रोजी, पोखरणला पहिला अणुस्फोट झाला. त्या मोहिमेला नाव मिळाले 'हसरा बुद्ध'. 11 मे 1998 रोजी पुन्हा स्फोट झाले, आणि तो दिवस नेमका बुद्ध पौर्णिमेचा होता. ज्यांनी बुद्धाला या देशातून हद्दपार केले, त्यांच्या वारसांनी बुद्धाचे नाव काढले ते बॉम्बला चिकटवण्यासाठी! या विटंबनेवर आपल्या चळवळीने जेवढे बोलायला हवे होते तेवढे आपण बोललो नाही. ही आमची स्वतःवरचीच तक्रार आहे.

आता बुद्ध आणि युद्ध यांचा मूळ प्रश्न. येथे कोसंबींच्या वडिलांकडे जावे लागते. धर्मानंद कोसंबी घरदार सोडून पालीच्या शोधात निघाले, 1902 साली श्रीलंकेत त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि पुढे परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. वृद्ध, आजारी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही कथा धर्मानंदांना पटली नाही. सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताचा आधार घेऊन त्यांनी सांगितले, की माणसे एकमेकांविरुद्ध शस्त्र उचलतात याचे सिद्धार्थाला भय वाटले, शाक्य-कोलियांच्या भांडणाने त्याचे मन विटले, आणि म्हणून तो निघाला.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच प्रसंग पूर्ण उलगडून मांडला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात मारामारी झाली. सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, दोष आपल्याही लोकांचा आहे, आधी चौकशी करा. त्याने पंच नेमण्याची सूचना मांडली. मतदान झाले. सिद्धार्थ हरला. मग त्याच्यापुढे तीन पर्याय आले. सैन्यात भरती होणे, देहदंड अथवा देशत्याग पत्करणे, किंवा कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्ती ओढवून घेणे. त्याने कुटुंबाला झळ लागू दिली नाही. स्वतः देशत्याग स्वीकारला. धम्माचा आरंभ असा एका पडलेल्या मतातून झाला आहे. युद्धाच्या ठरावाला नाही म्हणणारा अल्पमतातला माणूस, ही आपल्या शास्त्याची पहिली ओळख आहे.

येथे एक वाचक विचारील, की मग महार रेजिमेंटचे काय? भीमा कोरेगावचे काय? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते. निवृत्तीनंतर ते कुटुंबासह सातारला राहिले आणि बाबासाहेब तेथील शाळेत शिकले. लष्कराने आमच्या आधीच्या पिढ्यांना अक्षर दिले, पगार दिला, ताठ उभे राहणे शिकवले. 1890 च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 साली महारांची पलटण उभी केली आणि 1921 साली ती मोडून टाकली. 1941 साली पुन्हा गरज पडली, तेव्हा महार रेजिमेंट आली. गरज सरो, वैद्य मरो, हा न्याय आम्ही इंग्रजांकडूनही अनुभवला आहे. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी नाझीवादाविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला, कारण हिटलर जिंकला असता तर समतेचे नावही शिल्लक राहिले नसते.

म्हणजे बाबासाहेब सरसकट शस्त्रविरोधी नव्हते. त्यांनी बुद्धाच्या अहिंसेचा अर्थ लावताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. न्यायासाठी दुसरा उपायच उरला नसेल तर प्रतिकार करावा लागतो, परंतु मारण्याची हौस हा धम्म नव्हे. आता ही कसोटी त्या चार दिवसांतील उत्सवाला लावा. सीमेवर उभा असलेला आमचा भाऊ गरजेपोटी उभा आहे, त्याला आमचा जयभीम. स्टुडिओत बसून युद्ध मागणारा मात्र हौसेपोटी बोलतो. दोघांना एका मापाने मोजू नका.

आणि पैशाचे काय? 10 ऑक्टोबर 1951 रोजी मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी जे निवेदन केले, त्यात हिशेब आहे. वर्षाच्या 350 कोटी महसुलापैकी 180 कोटी रुपये लष्करावर जातात, आणि हा चुकीच्या परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे, असे त्यांनी देशाला सांगितले. निम्म्याहून अधिक! शाळेचा, दवाखान्याचा, वसतिगृहाचा पैसा कोठे जातो, हे विचारणे देशद्रोह असता, तर घटनेचा शिल्पकारच पहिला आरोपी ठरला असता.

कोसंबींशी आमचे भांडणही आहे, ते लपवणार नाही. जात ही उत्पादकाकडून त्याचा वरकड काढून घेण्याची धार्मिक युक्ती आहे आणि तिच्यामुळे बळाचा वापर कमीत कमी करावा लागतो, अशा अर्थाचे त्यांचे प्रतिपादन आहे. पहिला भाग आम्ही जसाच्या तसा मान्य करू. दुसऱ्या भागाला मात्र आमचा आक्षेप आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत जे बळ वापरले गेले, ते कमीत कमी नव्हते. जात ही स्वतःच गावात रोज चालणारे युद्ध आहे. शांततावादी मंडळींनी सीमेवरच्या युद्धाबरोबर वेशीवरचे हे युद्धही मोजले पाहिजे. मात्र तरीही कोसंबी आमचेच. पक्षाच्या पोथीनिष्ठांना ते उपहासाने अधिकृत मार्क्सवादी म्हणत आणि कोणाचीही पोथी डोक्यावर घेत नसत. कालामांना बुद्धाने जे सांगितले त्याहून हे वेगळे काय?

आमच्या नीरेचे पाणी सातारा आणि पुणे या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. वीर धरणाच्या, कालव्यांच्या पाण्यावरून येथेही भांडणे होतात. परंतु ती निवेदनाने, मोर्चाने, न्यायालयात आणि लवादापुढे सुटतात, किंवा निदान लांबतात. लांबलेला दावा हा पेटलेल्या गावापेक्षा बरा. रोहिणीकाठी सिद्धार्थाने पंचच मागितले होते. तीच मागणी पुढे कायद्याचे राज्य या नावाने आपल्या संविधानात आली, असे आम्ही मानतो.

म्हणून पहाटे धावणाऱ्या आमच्या पोरांना आमचे सांगणे एवढेच. धावा, भरती व्हा, पोट भरा, त्यात कमीपणा नाही. परंतु युद्धाचा नाच करू नका. शौर्य फक्त शस्त्राचे नसते. नायगावची लेक 1897 च्या प्लेगमध्ये रोगी पोर उचलून दवाखान्यात नेत होती, आणि त्याच रोगाने गेली. त्या शौर्याला कोणी तोफांची सलामी दिली नाही.

यंदाच्या 3 जानेवारीला नायगावला जाल, बुद्ध पौर्णिमेला विहारात बसाल, तेव्हा रोहिणीच्या पाण्याची गोष्ट मुलांना मोठ्याने सांगा. मत हरले तरी उभे राहणाऱ्याची ती गोष्ट आहे. बॉम्बला बुद्धाचे नाव देणाऱ्यांना तेवढे उत्तर पुरे आहे.