सॅडलबॅग : लिटर नंतर, साडीगार्ड आधी

सॅडलबॅग घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती लिटरची?" माझं स्पष्ट मत असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. पहिला प्रश्न हा : "गाडीला साडीगार्ड शिल्लक आहे का?"

हसू नका! १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं. नवी गाडी शोरूममधून साडीगार्डसकट येते आणि 'लुक बिघडतो' म्हणून आपण ते पहिल्याच महिन्यात काढून टाकतो. मग त्याच गाडीवर कापडी सॅडलबॅग टाकून ताम्हिणीच्या दिशेने सुटतो. आता सांगा, वारा आणि खड्डे मिळून बॅग आत ढकलणार, तर आत आहे काय? फिरतं चाक आणि चेन. ६० च्या स्पीडला एखादा पट्टा त्यात गेला आणि चाक लॉक झालं, तर बॅग किती लिटरची होती हे कोण विचारणार?

दुसऱ्या बाजूला बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर असतो. बॅगा शिवतात त्या नायलॉन-पॉलिएस्टरच्या, म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. गरम सायलेन्सरला टेकली की भोक पडलंच म्हणून समजा. रेनकव्हरचं तर विचारूच नका, ते फडफडत आधी तिथेच जातं. त्यापेक्षा सामान आतच वॉटरप्रूफ पिशवीत भरावं.

म्हणून बजेटमधले पहिले पैसे सॅडल स्टेचे, म्हणजे बॅग चाकापासून लांब धरणाऱ्या लोखंडी फ्रेमचे. राइनॉक्स घ्या, व्हायाटेरा घ्या नाहीतर साधी स्थानिक घ्या, स्टेशिवाय सगळ्या सारख्याच लटकतात.

लावताना मधले पट्टे सीटखालून घ्या. पुढचा पट्टा मागच्या फूटपेगच्या ब्रॅकेटला, मागचा ग्रॅबरेलला. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून बांधा. जड सामान खाली आणि पुढे, दोन्ही बाजूंना वजन सारखं. मग मित्राला मागे बसवून गाडी दाबून बघा : सस्पेन्शन बसल्यावर बॅग कशाला टेकते का? इंडिकेटर झाकला जातो का? टायरमध्ये हवा डबलसीटच्या आकड्याइतकी. आणि पहिल्या १०-१५ किलोमीटरला थांबून पट्टे पुन्हा ओढा, ते सैल होतातच.

एवढं सगळं करायला अर्धा तास लागतो. सोमवारी रिलीज असेल तर आपण टेस्टिंगला दोन दिवस देतो की नाही? इथे तर रोलबॅकची सोयही नाही.

आता खुशाल लिटर विचारा. माझं उत्तर : हँडलबारपेक्षा रुंद होणार नाही इतके!