मगरींच्या नावावर खपवलेले मृत्यू

रामरी बेटाची गोष्ट तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. फेब्रुवारी १९४५, ब्रह्मदेशाचा किनारा. हजारेक जपानी सैनिक खारफुटीच्या दलदलीत शिरले, रात्री मगरी तुटून पडल्या आणि जेमतेम वीसजण जिवंत सापडले. कॉलेजात असताना मीही ती चार ग्रुपवर ढकलली होती. आज त्याची लाज वाटते.

ही गोष्ट गाजली ती ब्रूस राइट या कॅनेडियन निसर्गतज्ज्ञाच्या १९६२ सालच्या पुस्तकामुळे. गिनीज बुकाने तिच्यावर विक्रमाचा शिक्का मारला. मग साधा प्रश्न कोण विचारतो? एका रात्रीत शेकडो माणसं फस्त करणाऱ्या मगरी आदल्या दिवसापर्यंत काय खाऊन जगत होत्या?

काही सैनिक मगरींनी ओढून नेलेही असतील. पण बेटावर २६वी भारतीय डिव्हिजन उतरली होती, खाड्या ब्रिटिश नौदलाने अडवल्या होत्या. त्या दलदलीत माणसं तहानेने मेली, बुडाली, गोळ्यांना बळी पडली. शेकडो निसटलीही. पण गोष्टीत मगर शिरली की नाकेबंदी करणारा आणि गोळी झाडणारा दोघंही अलगद बाहेर पडतात. माझं भांडण आहे ते याच्याशी.

सैनिकांना हजारोंनी आडवं करणारा जीव त्या जंगलात होताच. डास. चौदाव्या सेनेचे सेनापती स्लिम यांनी लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे धाडावे लागत होते. त्यांनी मलेरियाची गोळी सक्तीची केली, अचानक तपासण्या लावल्या आणि ढिलाई करणाऱ्या तीन अधिकाऱ्यांना घरी बसवलं. यावर थरारक व्हिडिओ बनत नाही. डास दात दाखवत नाही ना!

आणि माणसाने जनावरांशी काय केलं? १९४४ च्या मोहिमेत चिंडिट सैनिकांचं सामान खेचरांच्या पाठीवर होतं. ओरडून त्यांनी शत्रूला सुगावा देऊ नये म्हणून त्यांचे स्वरतंतू कापले गेले. मुक्या जनावरांना आणखी मुकं केलं. त्याची नोंद कुठल्या विक्रमात नाही.

मगरीला आपली बाजू मांडता येत नाही, म्हणून तिच्या नावावर काहीही खपतं. पुढच्या वेळी ही गोष्ट आली तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: त्या सैनिकांना दलदलीत कोंडलं कुणी?