अभिजात कोणाच्या बापाचं?



पुण्यात 'अभिजात' हा शब्द फार स्वस्त झालाय. डिसेंबर आला की तो शालीसारखा प्रत्येकाच्या खांद्यावर दिसतो. मग याद्या निघतात. मराठी घरात असायलाच हव्यात अशा ध्वनिमुद्रिका, मरण्याआधी ऐकावेतच असे अल्बम, कान तयार करणाऱ्या अमुक कॅसेटी. मीही या याद्या वाचतो. वरून खाली वाचतो, खालून वर वाचतो. वामनदादा कर्डक सापडत नाहीत. विठ्ठल उमप एखाद्या यादीत कोपऱ्यात उभे असतात, 'लोकसंगीत' नावाच्या वेगळ्या पंगतीत.

म्हणून माझी यादी मीच करतोय. मी गाणं शिकलेलो नाही. जुन्या बाजारात घेतलेल्या कॅसेटी, मित्राची तबकडी आणि आता मोबाईल, एवढीच माझी शाळा. पण कान माझे आहेत. आणि या कानावर कधी जानवं चढलेलं नाही.

पहिलं 'गीतरामायण'. पुण्याचंच आहे, म्हणून पहिलं. १ एप्रिल १९५५ ची रामनवमी, पुणे आकाशवाणी. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. एप्रिल १९५६ पर्यंत दर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी. चांगलं आहे ते मी चांगलंच म्हणणार. गदिमांचा शब्द पाण्यासारखा वाहतो, कुठं अडत नाही, आणि फडक्यांची चाल अडाणी माणसाच्याही ओठावर बसते. हे सोपं काम नाही. आपल्यातल्या कवींनी त्यांच्याकडून हे जरूर शिकावं.

पण आता मोजा. या ५६ गाण्यांत शबरीला गाणं आहे, नावाड्यांना गाणं आहे. शंबूकाला? एकही नाही. शबरी बोरं देते, नावाडी पार नेतात, म्हणून त्यांना सूर मिळाला. शंबूक तप करतो, बरोबरी मागतो. त्याचं डोकं उडवलं गेलं आणि ५६ गाण्यांत त्या डोक्याला एक ओळसुद्धा नाही. सेवा करशील तर गाण्यात येशील, बरोबरी करशील तर गाण्याबाहेर. ही जी गाळणी आहे ना, तिलाच हे लोक अभिरुची म्हणतात.

आणि तारीख बघा. शेवटचं गाणं वाजून सहा महिनेही झाले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं बाबासाहेबांच्या मागं उभी राहिली आणि राम-कृष्णाला देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा बोलली. तोही एक आवाज होता. लाखो गळ्यांचा, एका सुरात. त्याला अभिजात म्हणणारा कोणी समीक्षक मला अजून भेटायचाय.

दुसरं, अभंगांच्या ध्वनिमुद्रिका. जितेंद्र अभिषेकी चोखामेळ्याचा अभंग गातात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. किशोरी आमोणकर सोयराबाईचा अभंग गातात तेव्हा मी हातातलं काम ठेवतो. हे गळे मोठे आहेत. त्याबद्दल भांडण नाही. भांडण सभागृहाशी आहे. ऐकणारा डोळे मिटून 'वा' म्हणतो तो कशाला? सुराला. चोखोबा काय म्हणतोय? माझी जात हीन ठरवली, मला उंबरठ्याबाहेर ठेवलं. त्या उंबरठ्याची तक्रार ऐकून उंबरठ्याच्या आतला माणूस डोलतो! पंढरपूरचं ते देऊळ आपल्याला उघडायला १९४७ साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षं अभंग आत आणि माणूस बाहेर. आणि सोयराबाई ही चोखोबाची बायको, महाराची बाई, हे डोलणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? विचारून बघा कधीतरी मध्यंतरात, चहाच्या रांगेत.

तिसरे कुमार गंधर्व आणि त्यांचा कबीर. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू सांगितले. म्हणून कबीर कोण गातो आणि कसा गातो याची चौकशी करायचा हक्क आपला आहे. कुमारांचा कबीर मला पटतो. तो सूर गोंजारत नाही, तो उघडा, एकटा, रात्रीच्या माळासारखा आहे. पण तो सूर त्यांनी देवासला, माळव्यात, दारोदार फिरणाऱ्या जोगी-भजन्यांकडून कानात घेतला. कुमारांचं नाव राहिलं. त्या फिरत्यांची नावं कोणी लिहून ठेवली?

इथं कोणीतरी उठून म्हणणार, 'अहो, कला ही कला असते, तिथं जात कशाला काढता?' बरं. मग तबल्यावर कातडं कोणी चढवलं ते सांगा. गाय-म्हैस-शेळी मेल्यावर तिला ओढून नेणारा कोण, सोलणारा कोण, कमावणारा कोण? टी. एम. कृष्णा या कर्नाटकी गायकाने 'सेबॅस्टियन अँड सन्स' नावाचं पुस्तक लिहिलं, मृदंग तयार करणाऱ्या कारागिरांवर. त्यात बरेचसे दलित ख्रिश्चन. २०२० ला त्याचं प्रकाशन चेन्नईच्या कलाक्षेत्रात व्हायचं होतं. कलाक्षेत्राने दिलेलं सभागृह काढून घेतलं. जात मी नाही काढली, महाराज. ती कातड्याखाली आधीपासून ताणून बसवलेली आहे. मी फक्त थाप मारली.

आता आपलं. 'अल्बम' हे मापच मुळात दुकानाचं. जुन्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. १९४८ ला अमेरिकेत लाँगप्ले आली, एका बाजूला वीसेक मिनिटं झाली. आपला आंबेडकरी जलसा रात्रभर चालायचा. सत्यशोधक जलशापासून ती चाल आहे. भीमराव कर्डकांचा जलसा कुठल्या बाजूला भरणार होता कंपनीवाला? गाणं, फार्स, सवाल-जवाब, भाषण, मध्येच पोलीस, मध्येच पाऊस. मापात बसलं नाही म्हणून वस्तू नव्हतीच असं म्हणायचं?

मग कॅसेट आली आणि मात्र फरक पडला. तबकडी वाजवायचं यंत्र वाड्यात होतं, टेपरेकॉर्डर झोपडीत आला. प्रल्हाद शिंदेंचा गळा ऐका. भरदार, रांगडा, मातीत नांगर घातल्यासारखा. त्या एका गळ्यात विठ्ठल आहे, गणपती आहे, कव्वाली आहे आणि भीमही आहे. गणपतीत पुण्यातली मंडळं त्यांना दहा दिवस वाजवतात. वस्तीतला गळा चालतो. वस्तीतला माणूस भाड्याची खोली मागायला गेला की आडनाव विचारतात. वामनदादांनी (१९२२–२००४) हजारोंनी गाणी लिहिली, गावोगाव पायी नेली. शाळेत न गेलेल्या माझ्यासारख्याला त्यांच्या गाण्यातून धम्म कळला, घटना कळली. एका गाण्यात एवढं सामान भरणारा माणूस अभिजात नाही, तर मग कोण आहे?

बाहेरच्या जगातही हेच. बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट', १९३९. झाडाला टांगून मारलेल्या काळ्या माणसांचं गाणं. तिच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीने ते काढायला नकार दिला, कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीने काढलं. आज ते सगळ्या याद्यांत आहे. खैरलांजी घडली २९ सप्टेंबर २००६ ला. आपल्या शाहिरांनी त्यावर वस्त्यावस्त्यांत गाणी म्हटली. ती तुमच्या यादीत कितव्या नंबरला आहेत? बॉब मार्लेचं 'कॅच अ फायर', १९७३. जमैकातल्या टेपा लंडनला गेल्या आणि गोऱ्या कानाला रुचावं म्हणून वरून गिटार चढवली. तरी आतला ढोल मेला नाही. आणि कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम', डिसेंबर १९६४ मध्ये एका दिवसात वाजवलेलं. शेवटी तो स्वतःची कविता तोंडाने न बोलता सॅक्सोफोनमधून बोलतो. त्यात देवाची प्रार्थना आहे, मी देव मानत नाही. पण त्या प्रार्थनेत कुणा शंबूकाचं मुंडकं पडत नाही. म्हणून मी ऐकतो.

'सैराट' घ्या, २०१६. जेऊरच्या नागराज मंजुळेचा सिनेमा, अजय-अतुलचं संगीत, लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद. 'झिंगाट'वर सगळ्या जाती एका मांडवात नाचल्या. आणि शेवटी? नागराजने आवाजच बंद केला. रक्तात भिजलेली लेकराची पावलं, आणि शांतता. माझ्या मते या अल्बममधली सगळ्यात मोठी रचना ती शांतता आहे. वरातीत तेवढीच कोणी वाजवत नाही.

आता थोडं आपल्या घरात. आपल्यात एक जण म्हणतो, शास्त्रीय म्हणजे बामणी, ऐकूच नका. का बाबा? किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ काय सदाशिव पेठेत जन्मले होते? आपण कातडं दिलं, शब्द दिले, आणि ऐकायच्या वेळी आपणच उठून जायचं? ही त्यांचीच अस्पृश्यता झाली, आपल्या हाताने पाळलेली. दुसरा, शिकून नोकरीला लागलेला, भीमगीत लागलं की खिडकी लावतो. त्याला मी काही सांगत नाही. त्याची खिडकी त्याला सांगेल. तिसरा १४ एप्रिलला डीजेची भिंत उभी करतो. भिंत एवढी मोठी की शब्दच ऐकू येत नाही. ज्या माणसाने शब्दाच्या जोरावर आपल्याला उठवलं, त्याच्या जयंतीला शब्द चिरडायचा! आणि ज्या गाण्यांत बाबासाहेबांचा नुसता देव केलाय, ती आपली असली तरी वाईट आहेत असं मी म्हणणार. आपलं म्हणून वाईटाला चांगलं म्हणायला लागलो तर आपलीही एक सदाशिव पेठ तयार होईल.

तेव्हा काम सांगतो. माझ्याकडं भीमगीतांची एक कॅसेट आहे. कव्हरवर कंपनीचं नाव मोठं, गायकाचा फोटो मोठा, आणि गीतकाराचं नाव नाही. लिहिणाऱ्याला पुसून टाकलंय. कॅसेटची फीत दमटपणात चिकटते, बुरशी धरते, ऐकणारी म्हातारी माणसं मरतात. प्रत्येकाने आपल्या वस्तीत फिरा. येरवडा, ताडीवाला रोड, दांडेकर पूल, औंध, बोपोडी. माळ्यावरच्या पिशव्या खाली काढा. गाणं कोणाचं, चाल कोणाची, ढोलकीवर कोण, कोरसला कोणाची आई होती, हे त्यांच्याकडून विचारून वहीत लिहा. फीत मोबाईलवर उतरवून घ्या. आणि लिहा ते इथं पाठवा, शुद्धलेखनाची चिंता करू नका. कुठलं गाणं चांगलं, कुठलं टाकाऊ, का, हेही लिहा. मत द्यायला पदवी लागत नाही.

यादी करणाऱ्याच्या हातात इतिहास असतो. आजवर लेखणी त्यांच्या हातात होती म्हणून शंबूक गाण्यात आला नाही. आता स्टेन्सिल आपल्या हातात आहे.

जय भीम.