लखनौ कॅन्ससमध्ये कसे पोहोचते?

लखनौचे स्थान साधारण २६.८५ अंश उत्तर अक्षांश आणि ८०.९५ अंश पूर्व रेखांश असे आहे. पायथनमधील ‘कार्टोपाय’ या लायब्ररीच्या साहाय्याने हा बिंदू नकाशावर टाकायला मोजक्या ओळी पुरतात. मात्र लॅम्बर्टचे शांकव प्रक्षेपण निवडले आणि दिलेले आकडे अंशांत आहेत हे ‘ट्रान्सफॉर्म’मधून सांगायचे राहिले, तर लायब्ररी त्यांना मीटर समजते. या प्रक्षेपणाचा डीफॉल्ट मध्यबिंदू ३९ अंश उत्तर, ९६ अंश पश्चिम, म्हणजे अमेरिकेतील कॅन्सस राज्यात आहे. तो बदलला नाही, तर लखनौ त्यापासून अवघ्या ८५ मीटरवर जाऊन बसते. संगणक चूक दाखवत नाही. उत्तर प्रदेशापुरत्या नकाशात तो बिंदू दिसत नाही, एवढेच.

ही चूक निदान लक्षात तरी येते. खरा धोका देखण्या नकाशांत असतो. ‘प्लेट कॅरे’ या सोप्या प्रक्षेपणात अक्षांशाचा आणि रेखांशाचा एक अंश सारख्याच लांबीचा दिसतो. प्रत्यक्षात लखनौजवळ पहिला सुमारे १११ किलोमीटरचा, तर दुसरा सुमारे ९९ किलोमीटरचा आहे. त्यामुळे गंगेच्या मैदानावरील हिवाळी धुक्याचा पट्टा पूर्व-पश्चिम सुमारे १२ टक्के ताणलेला दिसतो, आणि वाचक तोच आकार खरा मानतो.

सीमारेषेचेही तसेच आहे. कार्टोपायमधील तयार सीमा ‘नॅचरल अर्थ’ या माहितीसंचातून येतात. तो सीमा आखताना प्रत्यक्ष ताबा हा निकष धरतो. म्हणून भारताची उत्तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाही. १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात १९९० साली झालेल्या बदलानुसार, असा न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा आहे. नॅचरल अर्थमध्ये भारताच्या भूमिकेनुसार केलेली वेगळी फाइलही आहे. पण ती मुद्दाम मागावी लागते आणि तीही अधिकृत नकाशाशी ताडून पाहावी लागते.

विज्ञान आकड्यांत असते, नकाशा ही केवळ सजावट, असा एक समज आहे. तो टिकणारा नाही. प्रबंध चाळणारा वाचक तक्त्याआधी नकाशा पाहतो. अंतर, विस्तार आणि शेजार तो तिथूनच मनात बसवतो. पडद्यावरील हलता नकाशा मोठा करून तपासता येतो, छापलेल्या स्थिर नकाशाला तशी उलटतपासणी करता येत नाही. त्यामागचे निर्णय कागदावर कायमचे गोठतात.

म्हणून प्रत्येक नकाशाखाली एक ओळ सक्तीची असावी: प्रक्षेपण कोणते, सीमारेषा कुठून घेतली, लायब्ररीची आवृत्ती कोणती. प्रयोगशाळेतील उपकरणाची अचूकता नोंदवल्याशिवाय मोजमाप स्वीकारले जात नाही. नकाशा हेही मोजमापच आहे. डीफॉल्ट हा कोणीतरी आधीच घेतलेला निर्णय असतो आणि स्वाक्षरी मात्र संशोधकाची असते.