निवांत वाटा आणि सायकल

सायकल हें हल्लीं दोनच प्रकारच्या माणसांचें वाहन समजलें जातें. ज्यास मोटारसायकल घेण्याचें सामर्थ्य नाहीं त्याचें, आणि ज्याचें वय अद्याप परवाना मिळण्याइतकें झालें नाहीं त्याचें. म्हणजे सायकल ही कशाची तरी उणीव दाखविणारी वस्तु ठरली आहे. हा समज आमच्या मतें चुकीचा तर आहेच, पण तो आमच्या मुलांच्या हिताच्या आड येणाराही आहे. आम्हांस येथें इतकेंच सांगावयाचें आहे कीं, आपल्या भंडारा जिल्ह्यांत शांत रस्त्यांची जी संपत्ति अद्याप शिल्लक आहे तिचा खरा उपभोग सायकलीवर बसणाऱ्या मुलामुलींसच घेतां येईल, आणि पालकांनीं तो त्यांस घेऊं द्यावा.

प्रथम पालकांच्या मनांतील भीतीचा विचार करूं. आपल्या जिल्ह्यास पूर्वपश्चिम छेदून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, ज्यास वडीलधारी मंडळी अद्याप 'सहा नंबर' म्हणतात, भंडारा, लाखनी व साकोली यांवरून जातो. त्यावर रात्रंदिवस अवजड ट्रक धांवत असतात. अशा रस्त्याच्या कडेनें आपलें बारा वर्षांचें मूल सायकल चालवीत चाललें आहे, हें चित्र डोळ्यांसमोर आलें म्हणजे कोणत्या मातेच्या पोटांत गोळा उठणार नाहीं? ही भीति खरी आहे. परंतु तिजवर योजिला जाणारा उपाय मात्र खरा नाहीं. भ्यालेला बाप मुलास मोटारसायकलीवर बसवून शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडतो. असे पुष्कळ बाप एकाच वेळीं आले म्हणजे फाटकासमोर जी गर्दी होते ती पाहून दुसरे बाप भितात, आणि दुसऱ्या दिवसापासून तेही मोटारसायकल बाहेर काढतात. याप्रमाणें भीतीनें गर्दी आणि गर्दीनें भीति वाढत जाते. कांहीं घरीं तर नववी-दहावींतल्या मुलाच्या हातीं गाडीची किल्लीच दिली जाते. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, हें किती जणांस ठाऊक आहे? आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी सायकलीवरून पडलेल्या मुलाचा बहुधा गुडघा फुटतो. भरधांव मोटारसायकलीवरून पडलेल्या मुलाचें काय होतें, हें आम्हीं सांगावयास नको.

आमचें म्हणणें असें कीं, रस्ता धोक्याचा असेल तर वाहन बदलण्याआधीं रस्ता बदलून पाहावा. फ्रान्स देशांतील लोकांस ही दृष्टि फार पूर्वींच आली. तेथील सेंतेत्येन शहरीं पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) या नांवाचे एक गृहस्थ रेशमाचा व्यापार करीत असत. मोहाडी-आंधळगांवच्या कोसा रेशमामुळें हा धंदा आपणांस परका नाहीं. त्यांनीं १८८७ सालीं सायकलस्वारांकरितां एक नियतकालिक काढलें, आणि पुढें व्यापार सोडून उरलेलें आयुष्य सायकलीवरून डोंगर व खेडीं पाहण्यांत आणि इतरांस त्याची गोडी लावण्यांत घालविलें. शर्यत जिंकण्यापेक्षां देश पाहणें हें त्यांस अधिक मोलाचें वाटे. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं पाणी प्यावें, आणि केवळ ऐटीसाठीं पायडल मारूं नये, अशा आशयाचे त्यांनीं घालून दिलेले नियम प्रवासी सायकलस्वार अद्याप स्मरतात. दैवगति अशी कीं, डोंगरवाटांनीं आयुष्यभर हिंडलेल्या या वृद्धाचा अंत मात्र शहरांत ट्रामची धडक बसून झाला.

त्याच देशाच्या दक्षिण भागांत 'कानाल द्यु मिदी' नांवाचा सुमारें २४० किलोमीटर लांबीचा कालवा आहे. पिएर-पॉल रिके यांनीं योजिलेला हा कालवा १६६६ ते १६८१ या काळांत खोदला गेला. त्यांतील नावा घोड्यांकडून ओढविल्या जात, म्हणून कांठानें घोड्यांसाठीं वाट ठेविली होती. घोड्यांचें काम संपलें तरी वाट राहिली. आज तिजवरून मुलेंबाळें घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें सायकलीनें प्रवास करितात, आणि वाटेंतील खेड्यांत त्यांमुळें चार लोकांस रोजगारही मिळतो.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. धान पिकविणाऱ्या या प्रदेशांत पाणी साठविण्यासाठीं आपल्या पूर्वजांनीं, विशेषतः कोहळी समाजाच्या लोकांनीं, गोंड राजांच्या काळापासून शेंकडों तलाव व बोड्या बांधल्या. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तरी लोक त्यांस अद्याप मालगुजारी तलावच म्हणतात. तलाव आला कीं पाळ आली, आणि पाळीवरून जाणारी वाट आली. वैनगंगेवर गोसीखुर्द येथें जें मोठें धरण झालें, ज्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनीं बसविली, त्याच्या कालव्यांच्या कडेनेंही देखभालीचे रस्ते आहेत. याशिवाय एका खेड्यास दुसऱ्याशीं जोडणारे अरुंद डांबरी रस्ते आहेतच. त्यांच्या दोन्ही अंगांस धानाच्या बांध्या असतात, मधून मधून मोहाचीं झाडें लागतात. तासाभरांत एखादी बैलगाडी, एखादा दूधवाला आणि नशीब असल्यास एस. टी.ची गाडी दिसते. यांतील कांहींही कोणी करमणुकीसाठीं बांधलेलें नाहीं. पण फ्रान्समधील ती घोडेवाटही करमणुकीसाठीं बांधलेली नव्हती. तेथील लोकांनीं आपल्याजवळ असलेल्या वाटेची किंमत ओळखली, एवढाच काय तो फरक.

अशा वाटेवरून हिंडण्यानें मुलास काय मिळतें, असा प्रश्न पालक विचारतील, व तो योग्यच आहे. आमचे विद्यार्थी आपल्या जिल्ह्याच्या सातही तालुक्यांचीं नांवें न अडखळतां म्हणून दाखवितात. परंतु पवनी कोणीं पाहिली आहे असें आम्हीं एका वर्गांत विचारलें, तेव्हां थोडेच हात वर झाले. नागपूरचे मॉल कोणीं पाहिले आहेत असें विचारतांच सारे हात वर झाले. पवनी भंडाऱ्याहून सुमारें ४५ किलोमीटर. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० सालीं झालेल्या उत्खननांत दोन हजार वर्षांपूर्वींच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सांपडले. मोटारींत बसून गेलेल्या मुलास पवनी म्हणजे एक तासाची झोंप. सायकलीनें गेलेल्या मोठ्या मुलास ती चार तासांची शाळा होय. कापणीच्या आधींच उभ्या धानांत लाखोरी कां फेंकतात, तलावाचा सांडवा कोणत्या बाजूस ठेवितात, हिंवाळ्यांत कोणते परदेशी पक्षी पाण्यावर उतरतात, हें त्यास कोणी न शिकवितां समजतें. आणि अशी हौस आपल्याकडे नवीनही नाहीं. १९२३ सालीं मुंबईहून निघालेले आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परत आले. आम्ही पृथ्वी मागत नाहीं. आम्ही केवळ पवनी मागतों.

कोणी म्हणेल कीं, गांवरस्तेही आतां पूर्वींसारखे राहिले नाहींत. हें कांहीं अंशीं खरें आहे. वैनगंगेच्या रेतीघाटांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर टिप्पर बेफाम धांवतात. असे रस्ते मुलांनीं वर्ज्य समजावे. कोका व नागझिरा येथील जंगलांत वन्य पशूंचा वावर आहे. तिकडे परवानगीवांचून व वडील माणसाच्या सोबतीवांचून जाऊं नये. कालव्याच्या अगदीं कांठानें सायकल चालवूं नये, आणि पाण्यांत उतरण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. पावसाळ्यांत पाळी निसरड्या होतात, चैत्र-वैशाखांतील ऊन्ह असह्य असतें. म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम. चारपांच मुलें व एक जाणतें माणूस असावें, डोक्यावर हेल्मेट असावें, निघण्यापूर्वीं ब्रेक व चेन तपासावी, पंक्चरचें सामान, पाणी व शिदोरी बरोबर घ्यावी. पहिल्या खेपेस जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर पुरे आहेत.

मुलींविषयीं दोन शब्द निराळे सांगणें अवश्य आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींस सायकलीसाठीं साहाय्य मिळतें. सायकलीमुळें किती मुलींचें शिक्षण अर्ध्यावर तुटण्यापासून वांचतें, हें आम्ही शिक्षक प्रत्यक्ष पाहतों. परंतु आठवडाभर मुलीस शाळेंत नेणारी तीच सायकल सुटीच्या दिवशीं ओसरीवर उभी राहते, नाहीं तर तिचा भाऊ ती घेऊन जातो. जी मुलगी रोज एकटी शाळेच्या वाटेनें येते-जाते, तिनें चार मैत्रिणी व एखादी मावशी किंवा शिक्षिका यांच्यासह शेजारच्या गांवचा तलाव पाहून यावयास हरकत कोणती? मुलास मोकळीक व मुलीस केवळ कामापुरती सायकल, हा भेद सुशिक्षित घरांत तरी राहूं नये.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, येत्या नाताळच्या सुटींत एक दिवस तरी मुलांस अशा निवांत वाटेनें जाऊं द्यावें, आणि जमल्यास स्वतःही सायकल काढून त्यांच्याबरोबर जावें. ज्या पालकांस ग्रामपंचायतींत शब्द आहे त्यांनीं पाळीवरच्या वाटेवर आलेलीं बाभळीचीं झुडपें काढवावीं, आणि शाळेच्या वेळीं रेतीचे टिप्पर गांवांतून जाऊं नयेत असा ठराव करवून घ्यावा. एखादी वाट मुलांच्या वापरांत आहे हें दिसलें म्हणजे गांवासही ती राखावीशी वाटते. जिचा वापरच नाहीं ती आज झुडपांनीं व उद्यां अतिक्रमणानें नाहींशी होते. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. मोटारसायकल तुम्हांस पुढें आयुष्यभर चालवावयाची आहे; तिची घाई करूं नका. तूर्त आपल्या सायकलीच्या चाकांत हवा भरून ठेवा, आणि आपल्या घरापासून पंधरा किलोमीटरांच्या आंत कोणकोणते तलाव आहेत याची यादी करून आम्हांस आणून दाखवा.