बंदूक बापाच्या मिजाशीची कीं पोराच्या खांद्याची?

अमेरिकेंत पानगळीचे दिवस आले कीं खेड्यापाड्यांतून हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. शेतकरी, कामगार, दुकानदार आपापल्या मुलांस घेऊन रानांत जातात, आणि घरोघर एक वाद निघतो. दहाबारा वर्षांच्या पोरास पहिली रायफल कोणती द्यावी? बाप म्हणतो, आजोबांची आहे तीच देऊं. मामा म्हणतो, मोठीच घ्या, म्हणजे पुढें पुन्हां घ्यावी लागणार नाहीं. दुकानदार म्हणतो, जी महाग ती चांगली. ज्याच्या खांद्यावर ती आदळायची त्या पोरास मात्र कोणी विचारीत नाहीं. आमचें मत असें कीं, या वादांत पोराचा खांदा हाच खरा पंच आहे; बाकीच्यांनीं त्याचा निवाडा मुकाट्यानें मानावा.

वाचक विचारतील, मास्तर, हा परक्याच्या घरचा तंटा आमच्या ओसरीवर कशाला? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो कायदा मोडा असें सांगण्यासाठीं ही लेखणी उचललेली नाहीं. पण लहानाच्या हातीं पहिलें हत्यार कोणतें द्यावें, हा प्रश्न कोणत्या शेतकऱ्याच्या, लोहाराच्या, सुताराच्या घरीं पडत नाहीं? लोहार आपल्या पोरास पहिल्या दिवशीं घण देत नाहीं, हातोडी देतो. नव्या गोऱ्ह्याच्या मानेवर भरल्या गाडीचें जूं कोणी ठेवीत नाहीं. ठेवलें तर तो जन्मभर जुंवाला बुजतो. जें शहाणपण आपल्या गोठ्यांत आहे, तेंच बंदुकीच्या दुकानांत लागू पडतें. शिवाय आपल्यापैकीं कांहींचीं मुलें-नातवंडें आतां तिकडेच राहतात. शेजाऱ्याबरोबर रानांत जाण्याचा हट्ट उद्यां त्यांच्याही घरीं निघेल.

आतां मुद्द्याकडे वळूं. गोळी पुढें सुटते तेव्हां बंदूक मागें खांद्यावर आदळते. गोळी जितकी जड आणि दारू जितकी अधिक, तितका धक्का मोठा. बंदूक जितकी हलकी, तितका तो अधिक लागतो. अमेरिकेच्या लष्करानें १९०६ सालीं घेतलेलें ‘.३०-०६’ हें काडतूस तेथील पुष्कळ घरांत वाडवडिलांपासून चालत आलेलें आहे. त्याची गोळी सुमारें दहा ते साडेअकरा ग्रॅमची. हरणास ती पुरून उरते, पण तिचा धक्का थोरांच्याही खांद्यास जाणवतो. उलट १९५५ सालीं निघालेलें ‘.२४३ विंचेस्टर’ घ्या. गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची. तितक्याच वजनाच्या बंदुकींत धक्का जवळजवळ निम्मा. आणि तरीही तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणास बेताच्या अंतरावरून एका गोळींत पाडण्यास तें पुरेसें आहे. थोडें अधिक बळ हवें असेल तर १९८० सालचें ‘७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन’ आहे. त्याचा धक्काही ‘.३०-०६’ हून बराच सौम्य. कोणत्या राज्यांत हरणास कोणतें काडतूस चालतें याचे नियम निरनिराळे आहेत, ते आधीं वाचावे. पण पहिल्या बंदुकीची निवड याच दोनतीन नांवांत करावी.

मोठा धक्का सोसूं द्या, पोर मर्द होईल, असें म्हणणारे तिकडेही आहेत. त्यांस आमचें उत्तर असें कीं, धक्क्यानें मर्दपणा येत नाहीं, भीति येते. दुधानें तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. एकदां खांदा सुजलेलें पोर पुढच्या वेळीं चाप ओढण्याआधींच डोळे मिटतें, अंग आखडतें, आणि नळी हलते. मग गोळी छातींत न बसतां पोटांत किंवा मांडींत बसते. हरीण जागीं पडत नाहीं. तें जखम घेऊन झाडींत शिरतें आणि तासन् तास तडफडून मरतें. बापाच्या मिजाशीची किंमत मुक्या जनावरानें भरावी, हा कोठला न्याय? शिकारीचा कैवार घेणारे सुद्धां कबूल करतात कीं, मारायचें तर एका गोळींत, हाल न करतां. मग जिनें नेम चुकतो ती बंदूक कितीही जबर असो, त्या पोराच्या हातीं ती क्रूरच.

दुसरी गोष्ट मापाची. दस्त्याच्या टोंकापासून चापापर्यंतचें अंतर थोरांच्या बंदुकींत सुमारें साडेतेरा इंच असतें. बारा वर्षांच्या पोराचा हात तेथवर नीट पोंचत नाहीं. तें मान ताणतें, कंबर मागें झुकवतें, आणि दस्ता खांद्याच्या खोबणींतून निसटतो. म्हणून मुलांसाठीं साडेबारा इंच किंवा त्याहून आंखूड दस्त्याच्या रायफली निघाल्या आहेत. कांहींत मध्यें पट्ट्या घालून दस्ता पोराबरोबर वाढवतां येतो. माप पाहण्याची रीत सोपी आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून पोरास कोपर काटकोनांत वाकवायला सांगा आणि दस्त्याचें टोंक कोपराच्या आंतल्या वळणांत टेकवा. बोट चापावर सहज पोंचलें तर माप बरोबर. शाळेचा सदरा आपण वाढत्या अंगाचा म्हणून ढगळ शिवतों. सदरा ढगळ चालतो, बंदूक चालत नाहीं. नेमाची दुर्बीणही डोळ्यापासून तीनचार इंच दूर बसवावी, नाहीं तर धक्क्यासरशी ती भुंवई फोडते.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. हरणाच्या बंदुकीआधीं पोराच्या हातीं ‘.२२’ ची लहान रायफल द्यावी. तिचा धक्का नांवालाच, काडतुसें स्वस्त. हरणासाठीं ती नव्हे. पण कागदाच्या निशाणावर शेंकडों गोळ्या झाडून हात, डोळा आणि श्वास एकत्र आणावयास तिच्यासारखी पाटी नाहीं. या लहान नळीस हिणवणाऱ्यांनीं कोल्हापूर जिल्ह्याकडे पाहावें. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, एका शिक्षकाचा मुलगा, २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलींत कांस्यपदक घेऊन आला. तें पदक ‘.२२’ च्याच काडतुसानें मिळालें. आणि त्या खेळांतली बंदूक नेमबाजाच्या खांद्यास, गालास, हातास जुळवून घेतलेली असते. जगांतले उत्तम नेमबाज जर बंदूक आपल्या अंगाच्या मापाची करून घेतात, तर बारा वर्षांच्या पोरानें आपलें अंग बंदुकीच्या मापाचें कां करावें?

शेवटीं जबाबदारीची गोष्ट. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणें परवानेदार दुकानदार अठरा वर्षांखालील मुलास रायफल विकूं शकत नाहीं. म्हणजे विकत घेणारा बापच. आणि पुढें जें होईल त्याचा धनीही तोच. न्यूयॉर्क राज्यानें १९४९ सालीं शिकाऱ्यांस शिक्षणाची सक्ती केली, आणि पुढें इतर राज्यांनींही तोच मार्ग धरला. तेथें शिकवतात तें आधीं घरीं शिकवावें: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, जें मारायचें नाहीं त्याकडे नळी वळवूं नये, नेम धरीपर्यंत बोट चापावर नेऊं नये, निशाणाच्या मागें काय आहे तें पाहावें. कानांवर झांकणें घालावीं. घरीं बंदूक रिकामी आणि कुलपांत, काडतुसें वेगळ्या कुलपांत, आणि किल्ली थोरांच्या कमरेला असावी. एवढें ज्या बापास जमत नाहीं, त्यानें मुलास कोणतीच बंदूक घेऊं नये.

आणि इतकें सारें झाल्यावर मुलगा असो कीं मुलगी, तें पोर जर म्हणालें कीं मला हरीण मारायचें नाहीं, तर त्यास भित्रें म्हणूं नका. बंदूक कुलपांतच राहूं द्या. खांद्याचें माप आपण घेतों, तसें मनाचेंही घ्यावें लागतें. आणि त्या मापापुढें आजोबांची बंदूक, मामाचा सल्ला, दुकानदाराचा आग्रह, सारें खालीं ठेवावें.