पाहणाऱ्याची जखम

माझी भाची अमेरिकेत पीएच.डी. करते. सुट्टीत घरी आली, तेव्हा मी तिचा विषय विचारला. म्हणाली, ‘वंशभेद, मानसिक आरोग्य आणि सोशल मीडिया.’ मी थट्टेने म्हटले, ‘म्हणजे मोबाइल बघत बसायचं आणि डॉक्टर व्हायचं!’ ती हसली नाही. ‘मामा, त्या चित्रफिती बघून मला झोप येत नाही. मी तर कृष्णवर्णीय नाही. ज्यांना त्या चेहऱ्यात स्वतःचा भाऊ दिसतो, त्यांचं काय होत असेल?’

तो प्रश्न मनातून जाईना.

25 मे 2020 रोजी मिनिआपोलिसमध्ये एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा रोवला. 17 वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरने ते मोबाइलवर टिपले. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. ती चित्रफीत नसती, तर 2021 साली तो पोलीस दोषी ठरला असता का? पण आपण अधिक काही करू शकलो नाही म्हणून रात्री जागून फ्लॉइडची माफी मागितली, असे याच मुलीने न्यायालयात सांगितले.

भाचीने दोन अभ्यास सांगितले. पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयाला ठार केल्यानंतरच्या महिन्यांत त्या राज्यातल्या इतर कृष्णवर्णीयांचे मनःस्वास्थ्य ढासळलेले दिसते, गोऱ्यांचे नाही, असे 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 2019 साली ब्रेंडेशा टाइन्स आणि सहकाऱ्यांना कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांत असे प्रसंग पडद्यावर पाहणे आणि नैराश्य यांचा संबंध आढळला. ‘संबंध म्हणजे कारण नव्हे हं,’ हेही तिने बजावले.

मग डोळे मिटून घ्यावेत? मुळीच नाही. 1955 साली मिसिसिपीत 14 वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाली, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली. ‘जेट’ साप्ताहिकाने छायाचित्रे छापली आणि देश हादरला. पण जगाने पाहावे, हा निर्णय आईचा होता. आज तो कोणाच्याही अंगठ्याचा झाला आहे.

हे केवळ अमेरिकेचे दुखणे नाही. 2016 साली गुजरातेत उना येथे दलित तरुणांना झालेल्या मारहाणीची चित्रफीत आपणही पाहिली. तिच्यामुळे अन्याय उघड झाला, हे खरेच. पण ‘बघा, काय चाललंय!’ म्हणत ती पुढे ढकलताना, समोर उघडणारा कोण आहे, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? मी तरी केला नव्हता.

परवा अशीच एक चित्रफीत आली. सवयीने अंगठा पुढे गेला. यादीत माझ्या एका जुन्या दलित मित्राचे नाव होते. मी थांबलो. चित्रफीत पाठवली नाही, त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘सकाळपासून सात जणांनी पाठवली. कसा आहेस, असं विचारणारा तूच पहिला.’